हृदयविकाराचा झटका आणि हृदयस्नायूचे रक्षण

व्यापारात आलेली तूट कशी भरून काढावी, हे आपल्या सभासद बंधूंना सांगण्याची आवश्यकता नाही. एका हंगामात गेलेले दुसऱ्या हंगामात मिळते. पेढीला बसलेली खोट दोन-चार बऱ्या वर्षांत फिटते. परंतु प्रत्येक मनुष्याजवळ एक धन असे आहे की, ते एकदा गेले म्हणजे कोणत्याही उद्योगाने परत जोडता येत नाही. हे धन म्हणजे त्याच्या हृदयाचा स्नायू होय. कातडी कापली तर नवी येते, हाड मोडले तर सांधते. पण हृदयाच्या स्नायूतील पेशी मेल्या, तर त्यांच्या जागी नव्या पेशी जवळजवळ उत्पन्न होत नाहीत. तेथे केवळ एक घट्ट वण तयार होतो. तो वण भिंत सांधून धरतो. पण आकुंचन पावून रक्त पुढे ढकलण्याचे काम तो करू शकत नाही.

हृदयविकाराच्या झटक्यात नाश पावू पाहणारा हा स्नायू कसा वाचवावा, यासाठी गेल्या शंभर वर्षांत वैद्यकशास्त्राने फार मोठा प्रयास केला. त्यातील कोणते उपाय खरे ठरले, कोणते फसले, आणि या कार्यात रुग्णालयाचा वाटा किती व घराचा वाटा किती, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. हे विवेचन डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. तो सल्ला वेळेवर मिळावा, एवढाच त्याचा उद्देश आहे.

हृदयाचे स्वतःचे पोषण

प्रौढ मनुष्याचे हृदय वजनाने सुमारे २५० ते ३५० ग्रॅम असते. ते दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि जन्मभर सुटी घेत नाही. त्याच्या कप्प्यांतून शरीराचे सारे रक्त फिरते. तथापि त्या रक्तातून हृदयाच्या जाड भिंतीचे पोषण होत नाही. सराफाच्या पेढीवर दिवसभर दुसऱ्यांचे सोने फिरते, पण त्याचा घरखर्च त्या सोन्यावर चालत नाही. तसाच हा प्रकार आहे. हृदयाच्या पोषणासाठी महारोहिणीच्या मुळापासून निघालेल्या दोन स्वतंत्र रोहिण्या असतात. डाव्या रोहिणीला लवकरच दोन मोठ्या शाखा फुटतात. या रोहिण्या हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावरून पसरतात व त्यांच्या बारीक फांद्या भिंतीत आतपर्यंत शिरतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शरीराचे इतर भाग स्वस्थ असताना रक्तातील प्राणवायूचा साधारण चौथा हिस्सा उचलतात. बाकीचा गरजेसाठी शिल्लक राहतो. हृदयाचा स्नायू मात्र स्वस्थ स्थितीतच सुमारे ७० टक्के प्राणवायू उचलून घेतो. म्हणजे त्याच्यापाशी राखीव शिल्लक जवळजवळ नसते. काम वाढले तर अधिक रक्त मिळावे लागते, आणि रक्त थांबले तर मिनिटाच्या आत त्या भागाचे आकुंचन बंद पडू लागते.

झटका म्हणजे नेमके काय

रोहिणीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे मेदाचा थर साचत असतो. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल, बैठे जीवन आणि आनुवंशिकता ही त्याची मुख्य कारणे. एके दिवशी या थरावरील पातळ पापुद्रा फाटतो. शरीराला ती जखम वाटते, आणि जखमेवर रक्त थांबविण्याची जी व्यवस्था निसर्गाने केली आहे ती तेथे धावून येते. रक्तातील बिंबाणू एकमेकांस चिकटतात, त्यांवर तंतूंचे जाळे विणले जाते आणि पाहता पाहता गुठळी होऊन रोहिणीचे तोंड बंद होते.

गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, याविषयी पुष्कळ काळ वाद चालला होता. अमेरिकेतील स्पोकेन येथील डॉ. डिवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तो जवळजवळ मिटविला. मोठ्या झटक्याच्या पहिल्या ४ तासांत ज्यांच्या रोहिण्यांची क्ष-किरण तपासणी केली, त्यांपैकी ८७ टक्के रुग्णांत रोहिणी पूर्ण बंद आढळली. १२ ते २४ तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के होते. म्हणजे रोहिणी प्रथम बंद असते, आणि काहींमध्ये ती पुढे आपोआप थोडी उघडते. परंतु तोपर्यंत बराचसा स्नायू गेलेला असतो.

नाशाची लाट

रोहिणी बंद झाली म्हणजे तिच्या ताब्यातील सारा स्नायू तत्क्षणी मरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. पहिली सुमारे २० मिनिटे स्नायू निश्चेष्ट होतो, पण जिवंत असतो. तेवढ्यात रक्त परत आले तर तो पूर्ववत होऊ शकतो. त्यानंतर नाशाला आरंभ होतो आणि तोही एका विशिष्ट क्रमाने. हृदयाच्या भिंतीचा सर्वांत आतला थर बाहेरील रोहिण्यांपासून सर्वांत दूर असतो व कप्प्यातील दाबही त्यालाच अधिक सोसावा लागतो. म्हणून तो प्रथम जातो. तेथून नाशाची लाट बाहेरच्या थराकडे सरकत जाते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. रायमर, डॉ. जेनिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हा क्रम मोजून दाखविला. हे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. अशा प्रयोगांविषयी आपल्या वाचकांच्या मनात खेद उत्पन्न होणे स्वाभाविक आहे, आणि तो आम्हांसही वाटतो. पण त्यातून हाती आलेले ज्ञान वाया जाऊ न देणे हे तरी आपले कर्तव्य आहे. रोहिणी ४० मिनिटे बंद राहिली तेव्हा भिंतीच्या जाडीचा सुमारे ३८ टक्के भाग मृत झाला. ३ तासांनी ५७ टक्के, ६ तासांनी ७१ टक्के आणि २४ तासांनी ८५ टक्के. मनुष्यात ही गती सर्वांत सारखी नसते. कोणाला शेजारच्या रोहिणीच्या बारीक फांद्यांतून थोडे रक्त मिळत राहते, कोणाला मिळत नाही. परंतु लाटेची दिशा तीच, आणि सर्वाधिक हानी पहिल्या काही तासांतच होते, हा नियमही तोच.

या आकड्यांत आशा व भय दोन्ही आहेत. तिसऱ्या तासालाही वाचविण्याजोगा स्नायू शिल्लक असतो, ही आशा. मात्र पहिल्या तासात जेवढा वाचला असता तेवढा तो नसतो, आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

विश्रांतीच्या युगातून उपचाराच्या युगात

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये हृदयाची रोहिणी एकाएकी बंद झाल्याची लक्षणे मांडून, असा रुग्ण जगूही शकतो हे दाखविले. त्यानंतर कित्येक दशके उपचार म्हणजे मुख्यतः बिछान्यातील सक्तीची विश्रांती होती. अनेक आठवडे रुग्णास कुशीवर वळण्याचीही मोकळीक नसे. १९५२ मध्ये बोस्टनच्या डॉ. लिव्हाइन व डॉ. लाउन यांनी रुग्णास लवकर आरामखुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा ते मोठे धाडस वाटले.

त्या काळचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना २४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हर येथे मध्यरात्रीनंतर झटका आला. आदल्या दिवशी गोल्फ खेळताना झालेला त्रास जेवणातील कांद्यावर ढकलला गेला होता. पहाटेनंतर बाहेर जी वार्ता देण्यात आली, तीही पचनाच्या बिघाडाची होती. त्यांचा विद्युत्-आलेख, म्हणजे ज्याला आपण ईसीजी म्हणतो तो, त्याच दिवशी दुपारी काढला गेला आणि त्यानंतर त्यांना रुग्णालयात हलविण्यात आले. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाच्या बाबतीतही छातीची व्यथा प्रथम पोटावर घातली गेली. सुदैवाने ते वाचले व १९६१ पर्यंत त्यांनी पद सांभाळले. पण त्या वेळी बंद रोहिणी उघडण्याचा उपायच हाती नव्हता. त्यामुळे गेलेल्या तासांची खरी किंमत कोणास कळलीही नसती. आज ती कळते.

१९६० च्या सुमारास दोन सुधारणा झाल्या. छाती न उघडता, ती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील एक-दोन वर्षांत हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र दक्षता-कक्ष निघू लागले व हृदयाची लय बिघडताच विजेचा झटका देऊन ती पूर्ववत करणे शक्य झाले. अकाली लयबिघाडाने होणारे मृत्यू त्यामुळे पुष्कळ कमी झाले. पण मरणारा स्नायू तसाच मरत राहिला. या स्नायूच्या मृतभागाचा आकार औषधोपचाराने कमी-अधिक करता येतो, ही कल्पना डॉ. ब्राउनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रयोगाने मांडली. तेथून स्नायुरक्षणाचे युग सुरू झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

बंद रोहिणी उघडणे

गुठळी हेच कारण असेल तर ती विरघळवावी, हा सरळ विचार होता. इटलीत १९८६ मध्ये ११ हजारांहून अधिक रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेज या औषधाची परीक्षा झाली. औषध न मिळालेल्यांत १३ टक्के रुग्ण तीन आठवड्यांत दगावले. औषध मिळालेल्यांत १०.७ टक्के. पण खरा बोध पुढेच आहे. ज्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या एका तासात औषध मिळाले, त्यांच्यातील मृत्यू सुमारे ४७ टक्क्यांनी घटले. आणि ज्यांना बऱ्याच उशिराने मिळाले, त्यांना उल्लेखनीय लाभ झाला नाही. औषध एकच, मात्रा एकच. फरक फक्त वेळेचा.

१९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय परीक्षेने आणखी आश्चर्य घडविले. अ‍ॅस्पिरिनसारख्या काही पैशांच्या गोळीने पाच आठवड्यांतील मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले, स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी. अ‍ॅस्पिरिन बिंबाणूंना चिकटू देत नाही व गुठळी वाढू देत नाही, हे त्याचे कारण.

दरम्यान झुरिक येथे डॉ. ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये बारीक नळीच्या टोकावरील फुगा हृदयाच्या रोहिणीत फुगवून ती रुंद करण्याची क्रिया प्रथम यशस्वी केली. हीच अँजिओप्लास्टी. पुढे रोहिणी पुन्हा आकसू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याची पद्धत आली. २००३ मध्ये २३ परीक्षांचे फल एकत्र तपासले असता, वेळेवर केलेली अँजिओप्लास्टी ही गुठळी विरघळविणाऱ्या औषधापेक्षा सरस ठरली. अल्पकालीन मृत्यू ९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. येथेही ‘वेळेवर’ हा शब्द विसरता कामा नये.

फसलेल्या उपायांचा धडा

रोहिणी उघडली म्हणजे सर्व संकट टळले, असेही नाही. उपाशी पेशीत एकाएकी रक्ताचा पूर आला म्हणजे कॅल्शियमचा लोट आत शिरतो, दाहक प्राणवायुकण निर्माण होतात व पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका फुटू लागतात. जे रक्त वाचविण्यासाठी आले तेच थोडी हानी करते. ही हानी टळावी म्हणून संशोधकांनी अनेक युक्त्या शोधल्या.

१९८६ मध्ये असे दिसून आले की, रोहिणी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून उघडली व नंतर ४० मिनिटे बंद ठेवली, तर मृतभाग एरवीच्या केवळ चौथ्या हिश्श्याइतका होतो. लहान संकटाने हृदय मोठ्या संकटास सिद्ध होते, असा त्याचा अर्थ. यावरून दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधून ती वारंवार फुगवावी व सोडावी, म्हणजे दूरवरच्या हृदयाचे रक्षण होईल, अशी मोठी आशा निर्माण झाली. पण २०१९ मध्ये ५,४०१ रुग्णांवर झालेल्या परीक्षेत तिचा लाभ दिसला नाही. सायक्लोस्पोरिन या औषधाने २००८ मध्ये ५८ रुग्णांत उत्तम फळ दाखविले. २०१५ मध्ये ९७० रुग्णांत ते निष्फळ ठरले. साखर, इन्शुलिन व पोटॅशियम यांचे मिश्रण शिरेतून देण्याचा उपाय १९६० नंतर पुष्कळ वर्षे चर्चेत होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०,२०१ रुग्णांच्या परीक्षेत त्याचाही उपयोग आढळला नाही. या परीक्षेत भारतातील रुग्णालयेही सहभागी होती.

प्रत्येक रुग्णाच्या नाकाला प्राणवायू लावण्याची प्रथा तर सर्वपरिचित आहे. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर तपासले असता, रक्तातील प्राणवायू मुळात पुरेसा असलेल्यांना त्याने काहीच अधिक लाभ झाला नाही. २०१५ च्या मेलबर्नच्या अभ्यासात तर मृतभाग वाढल्याचे दिसले. प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली असेल त्यालाच तो द्यावा, असा आता दंडक आहे. यास्तव डॉक्टरांनी नळी लावली नाही म्हणून नातेवाइकांनी रागावू नये. हृदयाचा वेग कमी करणारी औषधे शिरेतून घाईने सर्वांना देण्याचा प्रयोगही चीनमध्ये ४५ हजारांहून अधिक रुग्णांवर झाला. काही धोके घटले, पण तितक्याच प्रमाणात हृदय खचून रक्तदाब कोसळण्याचे प्रसंग वाढले. ती औषधे आज रुग्णाची स्थिती पाहून, विचारपूर्वक दिली जातात.

एवढ्या सगळ्या परिश्रमांतून निघालेला निष्कर्ष साधा आहे. बंद रोहिणी लवकर उघडणे हाच स्नायूचे रक्षण करणारा सर्वांत मोठा उपाय होय, आणि आजवरची कोणतीही युक्ती गमावलेला वेळ परत देऊ शकलेली नाही.

वेळ जातो कोठे

मग हा वेळ जातो कोठे? आपल्या देशातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत २० हजारांहून अधिक हृदयरुग्णांची पाहणी होऊन ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यमान काळ ३६० मिनिटे आढळला. रुग्णालयात पोहोचल्यापासून गुठळी विरघळविणारे औषध सुरू होईपर्यंतचा काळ मात्र ५० मिनिटे. रुग्णांचे सरासरी वय सुमारे ५७ होते आणि सुमारे ३० टक्के मधुमेही होते.

हे दोन आकडे आमच्या वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ५० मिनिटे डॉक्टरांच्या हातची. ३६० मिनिटे आपल्या हातची. ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगातील सहा तास ते हेच.

आपल्या व्यापारी कुटुंबांत हे तास कसे जातात, हे कोणास परके नाही. छातीत जड वाटते, पण बाजाराचा दिवस असतो. गिऱ्हाईक समोर असते. मार्चअखेरचा हिशेब व्हावयाचा असतो. मग ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा, सोडा, लिंबूपाणी होते. घरी गेल्यावर जावयास, भाच्यास, मुंबईच्या एखाद्या परिचित डॉक्टरास दूरध्वनी होतात. रात्र असेल तर ‘सकाळी पाहू’ असे ठरते. आम्ही शाकाहारी, निर्व्यसनी. आम्हांस हा विकार कसा होईल, असाही एक समज आड येतो. शाकाहार व निर्व्यसनीपणा हितकारकच आहेत. पण मधुमेह, रक्तदाब, गादीवरचे बैठे काम, तळलेले फरसाण आणि घराण्याचा वारसा यांपुढे ते अभेद्य कवच ठरत नाहीत.

व्रतनियमांचाही येथे उल्लेख करणे प्राप्त आहे. रात्री झटका आला व रुग्णास चउविहाराचा नियम किंवा उपवास असला, म्हणजे गोळी-पाणी द्यावे की नाही, या विचारात मोलाची मिनिटे जातात. आजारपणाच्या प्रसंगासाठी नियमात आगार ठेवण्याची आपल्याकडे परंपरा आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी प्रकृती उत्तम असतानाच साधु-साध्वींना अथवा जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारून घरात ते सर्वांना सांगून ठेवावे. झटक्याच्या क्षणी हा प्रश्न नव्याने उभा राहू नये.

घराने व दुकानाने काय करावे

एक : लक्षणे ओळखावीत. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे. ती व्यथा डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, गळ्यात, पाठीत वा पोटाच्या वरच्या भागात जाणे. थंड घाम, दम, मळमळ, एकाएकी गळून जाणे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता नुसता दम, घाम किंवा थकवाही असू शकतो. घरातील स्त्रियांनी ‘होईल बरे’ म्हणून अंगावर काढण्याची सवय येथे मोडली पाहिजे.

दोन : अशी व्यथा काही मिनिटांत थांबली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात व तेलंगण या सर्व राज्यांत आहे. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये, जिने चढू-उतरू नयेत. रुग्णवाहिकेस फार वेळ लागणार असेल तर दुसऱ्याने गाडीतून न्यावे.

तीन : अ‍ॅस्पिरिनची ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा ७५ च्या चार गोळ्या, चावून खाण्यास द्यावी. गिळण्यापेक्षा चावल्याने ती लवकर कार्य करते. ज्यांना अ‍ॅस्पिरिनचे वावडे आहे, ज्यांच्या पोटातून रक्त जात आहे किंवा ज्यांना पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे, त्यांना ती देऊ नये. दूरध्वनीवर डॉक्टर उपलब्ध असतील तर त्यांना विचारूनच द्यावी. पण विचारण्यासाठी निघणे लांबवू नये. जिभेखालील सॉर्बिट्रेटची गोळी ज्याला डॉक्टरांनी आधी सांगितली असेल त्यानेच घ्यावी. रक्तदाब कमी असताना तिने मनुष्य कोसळू शकतो.

चार : रुग्ण बेशुद्ध पडला व श्वास नीट चालत नसेल, तर त्याला सपाट जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबावे. दर मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. झटक्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयाची लय बिघडून मृत्यू येण्याचा संभव सर्वांत मोठा असतो.

पाच : जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री-अपरात्री ईसीजी निघतो, गुठळी विरघळविणारे औषध कोठे मिळते आणि अँजिओप्लास्टी चोवीस तास कोठे होते, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. जुने कागद, चालू औषधांची यादी व विम्याची कागदपत्रे एका पाकिटात असावीत.

रुग्णालयातील निर्णय

रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघावा, असा नियम आहे. त्यावर रोहिणी बंद झाल्याची खूण दिसली व १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होण्याजोगी असेल, तर ती करावी. तेवढ्यात ती शक्य नसेल, तर निदानानंतर १० मिनिटांत गुठळी विरघळविणारे औषध सुरू करून मग रुग्णास मोठ्या केंद्रात हलवावे. तेथे २ ते २४ तासांत रोहिण्यांची तपासणी करावी. आणि औषधाने रोहिणी उघडल्याची खूण ६० ते ९० मिनिटांत दिसली नाही, तर ताबडतोब अँजिओप्लास्टी करावी. हा दुसरा मार्ग कमी प्रतीचा आहे, असे समजू नये. २०१३ च्या एका मोठ्या परीक्षेत, ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणे शक्य नव्हते अशा रुग्णांत, हे दोन्ही मार्ग जवळजवळ बरोबरीचे ठरले.

सीमाभागातील गावे व लहान पेठा यांना हे विशेष लागू आहे. तालुक्याच्या ठिकाणी अँजिओप्लास्टी नसली तरी औषध असू शकते. ‘मोठ्या शहरातच नेऊ’ म्हणून तीन तासांच्या प्रवासास निघण्यापूर्वी, वाटेवरच्या रुग्णालयात ईसीजी काढून औषध घेता येते काय, हे पाहावे. लहान आरोग्यकेंद्रे मोठ्या रुग्णालयांशी जोडून, तेथेच ईसीजी काढून तज्ज्ञांकडे पाठविण्याच्या व औषध सुरू करण्याच्या योजना तमिळनाडूत व गोव्यात राबविल्या गेल्या आहेत. तमिळनाडूतील योजनेनंतर वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे कुटुंबाचा आणखी एक वाटा येतो. संमतीच्या कागदावर सही कोणी करावी, काकांना विचारावे की थोरल्या भावाची वाट पाहावी, पैशाची व्यवस्था आधी की उपचार आधी, या चर्चेत तास निघून जातो. पेढीच्या व्यवहारात सहीचा अधिकार कोणाचा हे आपण लिहून ठेवतो. मग घरातील अशा प्रसंगी निर्णय कोणी घ्यावयाचा, हेही आधी ठरविणे कठीण नाही. खर्चाविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे; पण प्रश्न रुग्णालयात पोहोचल्यावर, वाटेत थांबून नव्हे.

वाचलेल्या स्नायूची निगा

रोहिणी उघडल्यावरही वण पक्का होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात उरलेल्या स्नायूवर भार पडून हृदय पसरू नये म्हणून औषधे दिली जातात. बिंबाणूरोधक गोळ्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या या ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नयेत. स्टेंट बसविल्यावर अ‍ॅस्पिरिन व तिच्या जोडीची गोळी मनाने थांबविली तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचे भय असते. दीर्घ उपवास धरण्यापूर्वी, विशेषतः पर्युषणाच्या वा दशलक्षण पर्वाच्या दिवसांत, औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. पूर्वीसारखे महिनोन्‌महिने पडून राहण्याची आता आवश्यकता नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लवकर चालणे-फिरणे हितावह ठरते.

संघटनेस विनंती

आपली व्यापारी संघटना बाजारपेठेतील वजनमापे, कर, वाहतूक यांविषयी सभासदांस मार्गदर्शन करीत असते. तिने वर्षातून एकदा दुकानदार, मुनीम, नोकरवर्ग व हमाल बंधूंसाठी छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. शक्य असेल तेथे हृदयाची लय सुधारणारे स्वयंचलित विद्युत्-यंत्र बाजार-आवारात बसवावे व ते चालविण्याचे शिक्षण द्यावे. जवळच्या सज्ज रुग्णालयांची यादी छापून प्रत्येक दुकानात लावावी. यास येणारा खर्च एखाद्या समारंभाच्या खर्चाहून अधिक नाही. हमाल असो वा अडत्या, गुठळी भेद करीत नाही. म्हणून ही व्यवस्था बाजारातील सर्वांसाठी असावी.

वाचकांनी हा अंक मिटण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, एवढीच आमची विनंती. घरातील अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांची मुदत संपली नाही ना, हे पाहावे. आणि रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर कोणी, कोठे व कसे निघावयाचे, हे आजच्या जेवणाच्या वेळी सर्वांनी मिळून ठरवावे.